पाळीवर बसलेला माणूस

माणसानं स्वतःत बदल करायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती जागेची. पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही (असं मला तेव्हा वाटत होतं), फक्त बसायला एक शांत जागा लागते. आणि तेवढीच नेमकी मुर्रीत नाही. मुर्री म्हणजे गोंदियाला चिकटलेलं गाव. अर्धं शहर झालंय आणि अर्धं अजून धानाच्या बांध्यांत उभं आहे. त्यामुळे शहराचा गोंगाट आणि गावच्या चौकश्या ही दोन्ही सुखं आम्हाला एकाच प्लॉटवर मिळतात.

मी गोपीचंद गहाणे, बी.एस्सी., बी.एड., एका खाजगी हायस्कुलात गणित शिकवतो. आमचे मुख्याध्यापक यंदा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीत सिनिऑरिटीनं मीच बसणार हे शाळेला, मुर्रीला आणि आमच्या दूधवाल्याला ठाऊक होतं. दूधवाल्यानं तर मला आधीच 'हेडसर' म्हणायला सुरुवात केली होती. मी त्याला अडवलं नाही. माणसाच्या भावना दुखावू नयेत.

पण मार्चमध्ये संस्थेच्या अध्यक्षांचे चिरंजीव कसलासा मॅनेजमेंटचा कोर्स करून परत आले. आम्ही त्यांना छोटे साहेब म्हणतो. छोटे साहेबांनी आल्या आल्या जाहीर केलं की सिनिऑरिटी ही जुनाट कल्पना आहे. मुख्याध्यापकपदाच्या उमेदवारांनी आत्मपरीक्षण करायचं आणि मेच्या पहिल्या सोमवारी संस्थेसमोर स्वतःचा 'वैयक्तिक व व्यावसायिक बदलाचा आराखडा' मांडायचा. ज्याचा आराखडा चांगला त्याची खुर्ची. उमेदवार दोन. एक मी, दुसऱ्या रीना रामटेके मॅडम. त्या विज्ञान शिकवतात. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. त्या वर्गात शिरल्या की मुलं आपोआप गप्प होतात, माझ्या वर्गात ती करावी लागतात. हा फरक मी तेव्हा त्यांच्या नशिबावर ढकलला होता.

आम्हाला वाट दाखवायला नागपूरहून एक प्रशिक्षक बाई आल्या. फार गोड बोलत होत्या. म्हणाल्या, "रोज सकाळी शांत जागी एकटे बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी कोण आहे? मला काय बदलायचं आहे? आणि त्यासाठी मी काय सोडायला तयार आहे?"

पहिल्या प्रश्नाला मला वेळ लागला नाही. उत्तर घराच्या पाटीवरच लिहिलेलं आहे, डिग्रीसकट. अडचण आली दुसऱ्या प्रश्नाशी. मी फार प्रामाणिकपणे शोधलं, पण माझ्यात बदलण्यासारखं काही सापडेना. आता सगळं ठीकच असेल तर माणसानं करायचं काय? पण आराखडा तर द्यायचा होता. म्हणजे उणिवा शोधणं भाग होतं, आणि त्यासाठी शांत जागा हवी होती.

पहिल्या दिवशी मी आमच्या गच्चीवर बसलो. डोळे मिटून जेमतेम 'मी कोण' इथवर पोचलो होतो, तोच शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "क्या हुआ सरजी? भाभीजी से झगड़ा हुआ क्या?"

हे आमचे धर्मेंद्रभाई. हार्डवेअरचं दुकान आहे. मी म्हटलं, "नाही हो, आत्मपरीक्षण करतोय."

"अच्छा अच्छा," ते म्हणाले. "शुगर का है क्या? खाली पेट करना पड़ता है वो."

डाव्या बाजूला सेवकरामजी मेश्राम राहतात. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, नेमानं ध्यानाला बसणारे. त्यांनी ऐकलं आणि भिंतीवरून मान वर काढून समजावलं. "सर, डोळे मिटा, श्वास येतो-जातो तो फक्त बघा. रोज बसा. सहा महिन्यांत फरक पडते."

"माझ्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे. म्हणजे मेच्या."

"कायले, एवढी काय घाई?"

मी कारण सांगितलं. सेवकरामजी म्हणाले, "खुर्चीसाठी बसत असाल त खुर्चीतच बसा ना सर. खाली कायले बसता?" आणि आत गेले. माणूस सज्जन आहे, पण रेल्वेत राहून बोलणं जरा तुटक झालंय.

बायकोची मदत घ्यावी म्हणून मी मंजूला सहज विचारलं की माझ्यात काय बदलण्यासारखं वाटतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं सुरुवात केली. ओला टॉवेल, उघडी टूथपेस्ट, तिच्या माहेरच्यांशी बोलताना मी लावतो तो आवाज, आणि कुणी काही सांगत असताना वाक्य मीच पुरं करतो ती सवय. "आणि," ती म्हणाली, "सोडायचंच असेल..."

"तर राग सोडा," मी म्हटलं.

"तर खर्रा सोडा," ती म्हणाली.

इथं खुलासा करणं आवश्यक आहे. मी खर्रा खात नाही. कधी तरी, स्टाफरूमच्या मागं, कुणी आग्रहच केला तर चिमूटभर घेतो. सुपारी-तंबाखूच्या त्या चिमटीवरून माणसाचं चारित्र्य ठरवायचं तर गोंदिया जिल्ह्यात मुख्याध्यापकच उरणार नाहीत. घरात आत्मपरीक्षण शक्य नाही हे मात्र त्या संध्याकाळी पक्कं झालं. ते करायला दुसरेच टपलेले असतात.

तेव्हा मला आमचं मूळ गाव आठवलं. जांभूळबोडी, दवनीवाड्याच्याही पुढं. आमची थोडी शेती अजून तिथं आहे, ती ठेक्यानं दिलेली. आणि गावाला लागून तलाव आहे. हा तलाव आमच्या खापरपणजोबांनी बांधला. आम्ही गहाणे म्हणजे तलाव बांधणारी माणसं. पूर्वज डोंगराचा उतार बघून सांगत की पाणी इथं थांबेल, आणि ते थांबायचं. मी हे शाळेत दरवर्षी एकदा तरी सांगतो. तलाव मी स्वतः मात्र बऱ्याच वर्षांत नीट पाहिला नव्हता. आराखड्यासाठी वाडवडिलांच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, बसून चिंतन करायचं, ही कल्पना मला इतकी भारदस्त वाटली की मी मनातल्या मनात तिची सादरीकरणातली पहिली ओळसुद्धा तयार केली.

शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. भल्या सकाळी स्कुटी काढली आणि पोचलो. उन्हाळ्यामुळे पाणी आटून मधल्या खोलगट भागात उरलं होतं. गावाची गुरं त्यावरच होती. बाकी सगळा गाळ, भेगाळलेला. पण पाळीवर कहूची मोठमोठी झाडं, वारा, बगळे. मी एका मुळीवर बसलो, हात मांडीवर ठेवले आणि समोर पाण्याकडे तोंड करून गप्प झालो. अहाहा. कुणी बोलेना, कुणी विचारेना. किती दिवसांनी मला इतकं बरं वाटलं.

थोड्या वेळानं मागून बकाराम काका सायकल हातात धरून चालले होते. भावकीतले, ऐंशीच्या आसपासचे. मला पाहून थांबले. माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, डोक्यावरचा शेला काढून पुन्हा बांधला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मी तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. आमच्या भागात ओळखीचा माणूस दिसल्यावर कुणी 'काऊन आले जी?' असं विचारत नसेल, तर एक तर तो रागावलेला असतो नाही तर त्याला सगळं समजलेलं असतं.

मासेमारी सोसायटीचे दुधराम मात्र जाळं खांद्यावर घेऊन सरळ जवळ आले.

"काय पाहून राहिले जी मास्तर? यंदाचा ठेका तुमी घेऊन राहिले काय तलावाचा?"

"नाही हो दुधरामजी. स्वतःकडे बघतोय."

त्यांनी जाळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मंग घरी आरसा नाही काय?"

अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर गेलो, नीट उजाडायच्या आत. बसतो न बसतो तोच मागं जोरात शिट्टी वाजली. वळून पाहतो तर ग्रामसेवक, दोन बाया आणि एकीच्या हातात झेंडूचं फूल. गुड मॉर्निंग पथक! उघड्यावर बसणाऱ्यांना फूल देऊन लाजवायचं, असं त्यांचं काम. गाव हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झालेलं, आणि तलावाच्या पाळीवर अंधारात एक इसम बसलेला.

"उठा!" ग्रामसेवक ओरडला.

मी उठलो. बेल्ट लावलेला होता, पँट जागच्या जागी होती, तरी बाईंनी फूल माझ्या हातात दिलंच. एक भावी मुख्याध्यापक हातात झेंडू घेऊन सांगतोय की मी त्यासाठी बसलेलो नाही. "मंग कायसाठी बसले?" ग्रामसेवकानं विचारलं. "चिंतनासाठी," मी म्हटलं. दोघी बाया एकमेकींकडे बघून हसल्या. हा बहाणा त्यांनी बहुतेक प्रथमच ऐकला असावा.

मला ग्रामपंचायतीत नेलं. मी खवळलो होतो हे कबूल करतो. पण सरपंचाच्या खुर्चीत बसलेली बाई मला पाहून ताडकन उभी राहिली. "सर, तुमी?" ती अल्का गजभिये, माझी जुनी विद्यार्थिनी. ग्रामसेवकाला तिनं चार शब्द सुनावले, चहा मागवला, आणि माझी प्रतिष्ठा बरीचशी परत आली. ग्रामसेवक मात्र नियमाचा पक्का. म्हणाला, "सर मोठे मानूस आहेत, मान्य. पण तलाव ग्रामपंचायतीचा. रोज बसायचं त कारण लिवा लागते. उद्या कोनी तक्रार केली त?" त्यानं अर्जाचा नमुना काढला. कारणं छापलेलीच होती: मासेमारी, मोजणी, दुरुस्ती, धार्मिक कार्य. त्यावर खूण करायची.

"चिंतन कशात येतं?" मी विचारलं.

"धार्मिक लिवू काय?"

"धार्मिक नाही. व्यावसायिक आहे."

"व्यावसायिक असंल त ठेका भरा लागंल."

आम्ही बराच वेळ वाद घातला. चहा दुसऱ्यांदा आला. शेवटी वैतागून त्यानं 'दुरुस्ती'वर खूण केली. "दुसऱ्या कशातच बसत नाही तुमी," तो म्हणाला. मलाही ते पटलं. दुरुस्तीच तर करायची होती, माझी. अल्कानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि एकदम सही केली. इतक्या झटकन तिनं दहावीत एकही गणित सोडवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी निर्धास्त मनानं गेलो. आज दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढायचंच, असं ठरवून पाळ चढलो. आणि वर पोचून पाहतो तर अख्खं गाव. घरटी एक माणूस, प्रत्येकाच्या हातात फावडं, बायांच्या कमरेवर टोपली. सगळे माझ्याकडे बघत होते. पुढं बकाराम काका, धुतलेलं धोतर नेसून.

"ये गोपी," काका म्हणाले. "कुठून सुरू करायचं सांग."

"काय सुरू करायचं?"

"आता काऊन लाजून राहिला? दोन दिवस बसला ना तू."

मग मला उलगडलं. जांभूळबोडीत जुनी रीत होती. उन्हाळ्यात, तलाव उतरल्यावर, गहाण्यांच्या घरचा माणूस सकाळी पाळीवर येऊन गप्प बसला, हातात गळ नाही, बिडी नाही, तोंडानं बोलणं नाही, की गावानं समजायचं. तो तलाव पाहतोय. कुठं गाळ भरला, कुठं पाळ खचली. मग तिसऱ्या दिवशी दर घरामागं एक फावडं. पहिलं फावडं बसणाऱ्याचं, आणि पहिल्या दिवशीचं जेवणही बसणाऱ्याच्या घरचं.

"तुया आजा गेला तवापासून कोनी बसला नाही," काका म्हणाले. "तुया बाप नोकरीले गेला. तू शहरात गेला. आमी आपले दरसाल उन्हाळ्यात पाळीकडं पाहत राहिलो, कोनी येऊन बसते काय म्हणून. परवा तुले पाहिलं त घरी जाऊन म्हातारीले सांगितलं, आला गा गहाण्यायचा पोरगा."

मी तोंड उघडलं होतं. 'काका, मी मुख्याध्यापक व्हायचं म्हणून बसलो होतो' हे वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होतं. पण म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, आणि मागं सगळं गाव उभं होतं. मी तोंड मिटलं. मग ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "त्या कोपऱ्यापासून सुरू करू." कुठला कोपरा ते मला माहीत नव्हतं, मी नुसता हात केला होता. काका म्हणाले, "बरोबर. तिथंच सर्वात जास्त भरलाय." पूर्वजांचं रक्त म्हणतात ते हेच असावं.

पहिलं फावडं मी मारलं. ते वरच्या कडक पापुद्र्यातून आरपार गेलं आणि आतल्या ओल्या गाळानं धरून ठेवलं. मी जोरानं ओढलं. फावडं तिथंच राहिलं, मी मागं बसलो. चप्पल गेली ती अजून सापडलेली नाही. कुणी हसलं नाही, उलट एका म्हातारीनं समाधानानं मान हलवली. बसणारा पहिल्या दिवशी गाळात पडला तर वर्ष चांगलं जातं म्हणे. ही रीत तिनं तिथल्या तिथं बनवली असा माझा संशय आहे.

राहिलं जेवण. मी मंजूला फोन केला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "अगं, आज दुपारी थोडे लोक जेवायला आहेत."

"किती?"

"गाव."

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, माझं घरगुती जीवन इथंच संपलं. पण दुपारी धर्मेंद्रभाईंच्या दुकानाचा छोटा हत्ती धूळ उडवत आला. त्यात तांदळाची पोती, मोठी गंजं, मंजू, आणि पाठीमागं उभे सेवकरामजी. धर्मेंद्रभाई स्वतः गाडी चालवत होते. "सरजी, भाभी ने बताया आपका आत्मपरीक्षण बहुत बड़ा हो गया है. बोला, चलो देखते हैं." येताना त्यांनी दुकानातली नवी घमेली आणली होती. मंजूनं पदर खोचला आणि बायांत मिसळून चुली मांडल्या. भात-वरण वाढता वाढता ती हसत होती. माझ्या लग्नाच्या बायकोला मी इतकं मोकळं हसताना किती वर्षांनी पाहिलं असेन, आणि कारण मी आहे हे लक्षात आल्यावर मला फार आनंद झाला.

त्यानंतर रोज जाऊ लागलो. रीतच तशी. बसणाऱ्यानं सकाळी पहिलं फावडं मारल्याशिवाय कुणी मारत नाही. अल्कानं कुठून कुठून ट्रॅक्टर मिळवले. गाळ शेतांत जाऊ लागला, पाळ भरू लागली. मी आता लोकांना कामं वाटून देत होतो, कुणाच्या टोपलीला कोण हात देईल हे ठरवत होतो. गंमत म्हणजे तिथं मी कुणाचं वाक्य पुरं करत नव्हतो, कारण पुढं काय हे मलाच माहीत नसायचं. ऐकावं लागायचं. खर्ऱ्याचीही आठवण येत नव्हती. आराखडा मात्र कोराच राहिला होता. पण मी घाबरलो नाही. बोलण्यात मी कमी पडत नाही.

सोमवार उजाडला. पहाटेच जाऊन पहिलं फावडं मारलं, काकांना म्हटलं, "गोंदियाला काम आहे, दुपारी येतो," आणि निघालो. कपडे बदलायला घरी जायचं होतं, पण वाटेत स्कुटी पंक्चर झाली आणि ते काढून घेण्यात वेळ गेला. शाळेत पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत गाळ वाळला होता आणि हातात हेल्मेट होतं. रीना मॅडमचं सादरीकरण संपत आलं होतं. पडद्यावर त्यांनी स्वतःच्या उणिवा लिहिल्या होत्या. खऱ्याखुऱ्या. मी ऐकत राहिलो आणि मनात म्हटलं, ही बाई तयार होऊन आली आहे.

मग माझं नाव घेतलं. छोटे साहेब माझ्या पायांकडे बघत होते. प्रशिक्षक बाई गोड हसून म्हणाल्या, "सर, आपण प्रश्नांपासूनच सुरुवात करू. तुम्ही कोण आहात?"

"जांभूळबोडीच्या पाळीवर बसलेला माणूस," मी म्हटलं. हे उत्तर माझ्या तोंडून कसं आलं कुणास ठाऊक.

"वा! आणि काय बदलायचं आहे?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. अल्का. मी बंद केला, तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर छोटे साहेबच म्हणाले, "घ्या एकदाचा."

"सर, लवकर या! दुधरामनं तुडूम उघडलं!"

तुडूम म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायचं तोंड. ते जुनं झालं होतं, उद्या बदलायचं ठरलं होतं. खोलात मोठे मासे दिसल्यावर दुधरामजींना दम निघाला नाही. त्यांनी लाकडाचा गट्टू उपसला आणि गुरांसाठी राखलेलं पाणी भसाभस बाहेर जायला लागलं.

"अगं, मग माती लावा तोंडाला!"

"लावली असती जी! पण काका तुडमावर आडवे पडले. म्हणतात, तुडमाच्या तोंडाले पहिला मातीचा गोळा बसणाऱ्याचाच. रीत हाय. दुसऱ्यानं लावला त टिकत नाही. म्हाताऱ्याले उचलाले गेलो त शिव्या देऊन राहिला. सर, पाणी चाललं!"

मी फोन खाली केला. सगळं सभागृह ऐकत होतं. माझ्यासमोर ती खुर्ची होती. खरंच होती, मुख्याध्यापकांची, सभेसाठी खालून वर आणलेली. तिच्याकडे बघत मी इतकी वर्षं काढली होती. बाहेर पडलो तर ती गेली, हे मला गणिताइतकंच स्पष्ट दिसत होतं. आणि जांभूळबोडीची गुरं पाऊस येईपर्यंत काय पिणार, हेही.

"बाई," मी म्हटलं, "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काय सोडायला तयार आहे? ही खुर्ची." आणि ताठ मानेनं, कुणाकडेही न बघता, सभागृहाबाहेर पडलो. असं बाहेर पडणं मला आयुष्यात पुन्हा जमणार नाही. दुर्दैवानं हेल्मेट आत राहिलं होतं. मी परत गेलो, "एक्स्क्यूज मी" म्हटलं, टेबलावरून हेल्मेट उचललं आणि पुन्हा बाहेर पडलो. दुसऱ्या वेळी तितकं जमलं नाही.

पोचलो तेव्हा काका तुडमावर आडवे, भोवती लोक, आणि दुधरामजी एक मोठा मासा कवटाळून रडवेले उभे. मी बूट काढायलाही थांबलो नाही. मातीचा गोळा उचलला, खाली उतरलो, घसरलो आणि कमरेपर्यंत आत गेलो. पण गोळा तोंडाशी बसला. काका उठून बसले आणि म्हणाले, "आता लावा रे!" सगळं गाव तुटून पडलं. थोड्याच वेळात पाणी थांबलं. बरंच वाचलं होतं.

"काका," मी धापा टाकत म्हटलं, "मी आलो नसतो तर?"

"आला ना," काका म्हणाले.

"मी स्वतःकडे बघायला आलो होतो हो इथं. तलाव बघायला नाही." शेवटी एकदाचं बोलून टाकलं.

म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा पिळला. "मले माहीत हाय. तुये डोळे मिटलेले होते. तलाव पाहणारा डोळे मिटत नाही." आणि म्हणाला, "पण बसला त खरा. तेवढं पुरे झालं गावाले."

मुख्याध्यापक रीना मॅडम झाल्या. नोटीस बोर्डावर त्यांचं नाव पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दूधवाल्यानं पुन्हा 'सर' म्हणायला सुरुवात केली. धर्मेंद्रभाई मात्र मुर्रीभर सांगत सुटले, "सरजी ने कुर्सी को लात मार दी!" मी त्यांना दुरुस्त करतो की लात नाही, उलट मी परतही गेलो होतो, हेल्मेटसाठी. ते ऐकत नाहीत. सेवकरामजी एवढंच म्हणाले, "सर, आता बरे दिसून राहिले तुमी." आणि हे ते सहजासहजी म्हणत नाहीत.

यंदा पावसाळ्यात तलावाचं पाणी पाळीला टेकलं. रविवारी आम्ही दोघं जातो. मंजूच्या तिथं इतक्या ओळखी झाल्यात की मला कुणी विचारत नाही. खर्रा सुटला, टॉवेल अजून ओलाच राहतो. एवढ्या एका उन्हाळ्यात माणूस किती बदलणार?

परवा मधल्या सुट्टीत रीना मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर पालकांची रांग, छोटे साहेबांचे फोनवर फोन. चेहरा उतरलेला होता. मला त्या खुर्चीत त्यांना बघून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांचीच काळजी वाटली.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठंतरी तलावावर जाऊन बसायचात ना? मलाही जरा शांत बसून विचार करायचाय. सांगता का जागा?"

त्या पुढं काहीतरी सांगणार होत्या. मी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हटलं, "सांगतो की मॅडम. जागा फार चांगली आहे. फक्त तिथं एकटं बसू देत नाहीत."